हुड्यावरची हाक

माझ्या कादंबरीवर आमच्या रोण गावातल्या प्रत्येकाने मत दिलं. वाचलेल्यांनी दिलं, न वाचलेल्यांनी जरा जास्तच जोरात दिलं. कापडवाला अंदानप्पा म्हणाला, मुखपृष्ठावरच्या इळकल लुगड्याचा काठ चुकलाय. शेजारची सरोजव्वा पुस्तक हातात तोलून म्हणाली, "एवढं जाड? उशाला घेतलं तर मान धरेल गं." माझ्या सख्ख्या भावाने हुबळीहून फोन करून सांगितलं, फार आवडलं, दोनदा वाचलं; आणि मग विचारलं, नायिकेचं नाव काय ठेवलंयस. एकच माणूस काही बोललं नाही. माझ्या सासूबाई, गुरुसिद्दव्वा.

आम्ही त्यांना अत्तेव्वा म्हणतो. अत्तेव्वांनी गप्प बसणं म्हणजे मलप्रभेने उन्हाळ्यात दुथडी वाहणं. शाळा त्यांची गावातच सुरू झाली आणि गावातच संपली, पण वाचनाचं वेड असं, की भजी बांधून आलेला कागदसुद्धा तेलाचे डाग उन्हाकडे धरून वाचल्याशिवाय टाकायच्या नाहीत. साप्ताहिकांतल्या क्रमशः कादंबऱ्यांचा तर फडशा. आणि वाचलं की निकाल तिथल्या तिथे. "या बयेला तिसऱ्या प्रकरणातच विहिरीत ढकलायला हवी होती, लेखकाला दया आली मेल्याला." अशा बाईच्या घरात मी कादंबरी लिहिली. लिहीत होते तेव्हा भाकरी त्यांनी थापल्या, पोरींची दुखणी त्यांनी काढली. "तू बस तुझ्या नीलव्वापाशी, माझं काय जातंय म्हणा," असं म्हणत मला स्वयंपाकघरातून हाकलून लावायच्या.

तर ती कादंबरी, 'हुडेद नीलव्वा'. हुडे म्हणजे टेहळणीचा बुरूज. एका लहानशा देसगतीची, म्हणजे देसाई वतनाची, सून, नवरा लढाईवर जातो तो परत येत नाही, आणि पुढे सगळं आयुष्य ती गढी सांभाळते, गावासाठी तळं बांधते, म्हातारपणी मुलाशी भांडते. पुस्तकाचा जीव एका प्रसंगात आहे. नवरा विरूपनगौडा फौजेबरोबर निघतो. नीलव्वा हुड्यावर चढते आणि भर फौजेदेखत त्याला नाव घेऊन हाक मारते. तो वळत नाही.

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे आमच्याकडे मुलगी चालायला लागायच्या आधी शिकते. लग्नात, बारशात ओडपू घालून, म्हणजे यमक जुळवून घ्यायचं, तेवढीच मोकळीक. मी स्वतः लिहिताना नवऱ्याला बिनधास्त महांतेश लिहिते, पण घरात 'री' म्हणते. 'री' म्हणजे तुमचं 'अहो'. तर नीलव्वाने हाक मारली, नवरा लढाईत पडला, आणि तिची सासू गंगव्वा सगळ्या गढीसमोर तिला म्हणते, तूच खाल्लंस त्याला. त्यावर नीलव्वा जे उत्तर देते ते पुढे येईल.

माझी गोची झाली होती ती या गंगव्वापायी. तिला बोलायला एखादी लकब हवी होती. लिहिताना कानावर दिवसभर एकच लकब पडत होती, ती मी उचलली. गंगव्वा प्रत्येक वाक्याची सुरुवात 'माझं काय जातंय म्हणा' अशी करते. मला वाटलं, कुणाच्या लक्षात येतंय! सगळ्या गल्लीच्या लक्षात आलं. सरोजव्वा तर वाटेत गाठून म्हणाली, "बाई, शाब्बास तुझी. सासूला छापलीस!"

महांतेशचं औषधांचं दुकान आहे. तो दुकान बंद करून जेवायला आला की मी रोज विचारायची, "री, त्या काही बोलल्या का तुमच्याशी?"

"कशाबद्दल?"

"वेड पांघरू नका. पुस्तकाबद्दल."

"माझ्या आईला कादंबरीत घातलीस, कजाग केलीस, आणि वर तिच्याकडून कौतुक हवंय तुला?" तो वांग्याचा देठ चोखत म्हणायचा. "माझ्या दुकानात यावर औषध नाही."

पुस्तक त्या वाचत होत्या, हे दिसत होतं. आंघोळ, इष्टलिंगाची पूजा झाली की परसातल्या कट्ट्यावर पुस्तक घेऊन बसायच्या. मी समोर आले की मिटायच्या. जेवताना नजर ताटात. माझ्या भाकरीला नावं ठेवायच्या थांबल्या, तेव्हा मला खरोखर भीती वाटली. एकदा त्या देवळात गेल्या होत्या, तेव्हा मी त्यांच्या उशाचं पुस्तक उचललं. ते आपोआप एका पानावर उघडलं. पानाच्या कडेला विभूतीने भरलेल्या अंगठ्याचे ठसे, एकावर एक. पान कुठलं? गंगव्वा सुनेला नवरा खाल्लास म्हणते, ते. मी पुस्तक विंचवासारखं खाली ठेवलं. संपलं, म्हटलं. ज्या बाईने मला लिहायला बसवलं, तिलाच मी दुखावलं, आणि त्या रोज ते पान काढून जखम उघडून बघतायत.

मला बक्षीस नको होतं, वर्तमानपत्रातलं परीक्षण नको होतं. अत्तेव्वांनी एक वाक्य बोलावं, शिवी का असेना, एवढंच हवं होतं.

तेवढ्यात दोन गोष्टी एकदमच झाल्या. धारवाडच्या प्रकाशकाने कळवलं, पहिली आवृत्ती संपत आली, काही दुरुस्त्या असतील तर पाठवा. आणि आमच्या अक्कन बळगाने, म्हणजे इथल्या बायकांच्या मंडळाने, रविवारी वाचकांच्या मतांचा कार्यक्रम ठेवला. गिरमिट, म्हणजे आमची चुरमुऱ्यांची भेळ, आणि मिरची भजीसकट, त्यामुळे सभागृह भरलं. अत्तेव्वा दुसऱ्या रांगेत बसल्या, पांढऱ्या लुगड्याचा पदर डोक्यावर, पुस्तक मांडीवर पालथं.

चारसहा जणी बोलल्या, गोड बोलल्या. मग हिरेमठ मास्तर उठले. निम्म्या गावाला इतिहास त्यांनी शिकवलाय, महांतेशला तर छड्या मारून. त्यांनी पुस्तक पेन्सिल घेऊन वाचलं होतं. देसगतीचा वसूल, तळ्याचं बांधकाम, घोड्यांची नावं, सगळ्याची त्यांनी तोंड भरून स्तुती केली. मी फुलून बसले होते. मग म्हणाले, "फक्त एक खडा लागला दाताखाली, कस्तूरी."

"सांगा ना, सर."

"ती हाक. देसगतीची सून, हुड्यावर चढून, फौजेसमोर नवऱ्याचं नाव घेते? त्या काळात? अगं, त्या काळाचं सोड. इथे बसलेल्या कुणाच्या आजीने घेतलं होतं का? एक हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. "खरंय हो मास्तरांचं," कुणीतरी म्हणालं.

"बघ," मास्तर म्हणाले. रागाने नव्हे, मायेनेच. "जुन्या काळात आजची बाई घुसवू नये. दुसरी आवृत्ती येतेय म्हणतात. तेवढा प्रसंग काढून टाक. त्याच्यापुढची सासूसुनेची बोलाचालीही आपोआप जाईल. बाकी पुस्तक सोनं आहे."

मला उभं करून हातात माईक दिला, की माझ्याकडून कोणीही काहीही कबूल करून घ्यावं, असा माझा स्वभाव. शिवाय मनात आलं, बोलाचाली गेली म्हणजे गंगव्वाचं ते पानही गेलं. अत्तेव्वांचा काटा निघेल. मी म्हणाले, "सरांचं म्हणणं पटतंय. तो भाग काढता येईल."

"काढायचा नाही."

आवाज दुसऱ्या रांगेतून आला. अत्तेव्वा उठून उभ्या राहिल्या होत्या, पुढच्या खुर्चीची पाठ धरून.

"माझं काय जातंय म्हणा," त्यांनी सुरुवात केली, आणि सगळं सभागृह खो खो हसत सुटलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अत्तेव्वा शांतपणे थांबल्या. "झालं हसून? घ्या, अजून थोडं हसून घ्या. तर माझं काय जातंय म्हणा, पण ते पान काढायचं नाही. बायका मारतात हाक."

मास्तर हात जोडून म्हणाले, "गुरुसिद्दव्वा, तुम्ही माझ्यापेक्षा मोठ्या. पण एक तरी बाई दाखवा, अशी हाक मारलेली."

"मी मारली."

"नाव घेऊन?"

"मग काय गावाचं नाव घेऊन मारू?"

हसू सुरू झालं आणि अर्ध्यातच विरलं. जुन्या माणसांना माहीत होतं अत्तेव्वांचे यजमान कसे गेले ते. आम्हालाही तेवढंच माहीत होतं. माझे सासरे नदीपलीकडच्या गावच्या बाजाराला गेले होते, महांतेश तेव्हा पाळण्यात. येताना मलप्रभेला अचानक पाणी आलं, आणि त्यांची हरगोल, ती चामड्याची टोपलीसारखी गोल नाव, माणसांसकट गेली. त्यातलं कुणीही परत आलं नाही. बैठकीत त्यांचा पटका घातलेला फोटो आहे, आणि त्यापलीकडे घरात त्यांच्याबद्दल बोलणं नाही.

मास्तरांनी पुस्तक उघडून ते पान काढलं. मग म्हणाले, "राहू दे तो प्रसंग, कस्तूरी. माझी पेन्सिल मी खोडतो."

"बरं केलंत," अत्तेव्वा म्हणाल्या. "गिरमिट मऊ पडतंय."

आम्ही घरी आलो. परसात कट्ट्यावर कढीपत्त्याची सावली आली होती. अत्तेव्वा तिथे टेकल्या, मला म्हणाल्या, "बस." मी बसले. मग त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं पोलीस पाहतात.

"तुला कुणी सांगितलं?"

"काय, अत्तेव्वा?"

"हाकेचं."

"कुणी नाही. मनाने रचलं मी."

"मनाने." त्यांनी तो शब्द चावून पाहिला. "खरं सांग. हरगोलीतलं कुणी वाचलं होतं का? तुला भेटलं का कुणी?"

"शपथ घेते, अत्तेव्वा. कुणी भेटलं नाही. मला काही माहीतच नव्हतं."

त्यांनी लांब श्वास सोडला. "मी इतके दिवस हेच धरून बसले होते. वाटलं, कुणीतरी जगलं वाचलं असणार, त्यानेच सांगितलं. तुला विचारावं, तर तू हो म्हणालीस तर काय? म्हणून तोंड शिवून बसले."

आणि मी समजत होते, गंगव्वामुळे. माझं डोकं केवढं आणि त्यातला भुसा केवढा!

"सकाळची वेळ," त्या सांगायला लागल्या. "तेव्हा आम्ही नदीकाठच्या गावात राहायचो. हे बाजाराला निघाले. भाकरीचं गाठोडं चुलीपाशीच विसरले. विसरायचेच, रोज काहीतरी. मी गाठोडं घेऊन पळत नदीवर गेले, तर हरगोल सुटलेली. मी ओरडले, 'री!' पुन्हा ओरडले, 'री! री!' आत टोपलीत कोंबड्या भराव्यात तसे पुरुष भरलेले. कोण वळणार गं? सगळ्यांच्या बायका 'री'च म्हणतात! एक म्हातारा तेवढा वळला. त्याची बायको जाऊन कितीतरी वर्षं झाली होती."

मला हसू आलं.

"मग?"

"मग काय. भाकरी गरम होती, माणूस चालला होता. मी मारली हाक." अत्तेव्वांनी पदर सावरला, परसातल्या भिंतीकडे तोंड केलं, आणि लेकराला अंगणातून घरात बोलवावं तशा सुरात म्हणाल्या, "चन्नवीरा!"

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्या तोंडून मी ते नाव पहिल्यांदा ऐकलं. यमक नाही, पुढे अप्पा नाही, मान नाही. नुसतं नाव. नळाखाली पाणी पिणारा कावळा उडाला.

"त्याच संध्याकाळी पाणी आलं. लोक म्हणाले, वर पाऊस झाला. मला ठाऊक होतं काय झालं ते. सकाळी मी नाव घेतलं, संध्याकाळी माणूस गेला. बिचाऱ्या नदीने काय केलंय? ऐकणारे सगळे त्यांच्याबरोबरच गेले, म्हणून कुणाला कळलं नाही. मी कुणाला सांगितलं नाही. माझ्या आईला नाही, नणंदेला नाही, स्वामींना नाही. महांतेश रांगायला लागला, शाळेत गेला, दुकान टाकलं. दर वेळी वाटायचं, याच्या बापाला मी बोलून मारलं."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही.

"आणि मग तुझ्या त्या नीलव्वाला तिची सासू तेच म्हणते. अगदी तेच. मी पुस्तक मिटलं बाई. वाटलं, कस्तूरीने माझी चोरी पकडली, आता भर चावडीवर मांडणार. दुसऱ्या दिवशी धीर करून पुढची ओळ वाचली."

पुढची ओळ मला पाठ होती, पण त्यांनी ती म्हटली. अक्षर न चुकता, आणि माझ्यापेक्षा ठसक्यात. "'नाव घेतल्याने माणूस मरत असता, तर शत्रूंची नावं घेत बसलो असतो, अत्तेव्वा. फौज कशाला पोसली?'"

आणि त्या हसल्या. तोंडाला पदर न लावता, पोट हलेपर्यंत. "किती साधं गं! फौज कशाला पोसली! मला का नाही सुचलं? कुणी का नाही म्हटलं मला? म्हणणार कसं, मी सांगितलंच कुणाला होतं! रोज वाचते मी ते. पूजा झाली की वाचते."

मला रडू आवरेना. ते वाक्य मी एका दुपारी लिहिलं होतं, गॅसवर डाळ करपत असताना, निव्वळ गंगव्वाची जिरवायची म्हणून. त्याचा कुणाला एवढा आधार होईल, हे माझ्या बापजन्मात मनात आलं नव्हतं. पदराने तोंड पुसलं आणि, लेखकाची जात वाईट, तरीही विचारलंच: "आणि गंगव्वा?"

"ती मीच. एवढं कळतं मला, भजीचा कागदही वाचते मी. बरी जमलीय. पण शिव्या कमी घातल्यास तिच्या तोंडी. सासूला शोभत नाही एवढं सौम्य बोलणं."

"घालीन."

"घाल. पण एक चुकलंय तुझं. ते आधी सुधार."

"काय?"

"तुझा तो विरूपनगौडा वळत नाही."

मी लगेच बाजू मांडायला लागले. म्हटलं, तो लढाईला निघालाय, फौज बघतेय, मागे वळणं अपशकुन; शिवाय पुढे नीलव्वाने एकटीने सगळं पेलायचं, तर तो न वळता गेलेलाच बरा. हे सगळं मी प्रकाशकालाही पटवून दिलं होतं.

अत्तेव्वांनी सगळं ऐकून घेतलं. "असेल बाई, तुझं सगळं बरोबर असेल. पण वळतो गं माणूस. यांची आई लहानपणीच गेली. तेव्हापासून कुणी चन्नवीरप्पा म्हणायचं, कुणी गौडरे, मी 'री'. नुसत्या नावाने हाक मारणारं माणूस उरलं नव्हतं त्यांना. असा माणूस वळतोच. आमचे वळले. पटका सुटेल असे वळले. हरगोल कलली, नावाडी शिव्या द्यायला लागला, सगळे हसायला लागले. मी लाजून मेले तिथे. गाठोडं असं वर धरलं. त्यांनी हाताने खूण केली, तूच खा."

"खाल्लीत?"

"खाल्ली ना. तिथेच काठावर बसून. हरगोल पलीकडे लागेपर्यंत."

दुरुस्त्या पाठवायच्या आदल्या दिवशी मी परसातच पाट मांडून बसले. समोर अत्तेव्वा शेंगा फोडत होत्या. गंगव्वाला चार कडक शिव्या घातल्या. त्या त्यांनीच पुरवल्या, आणि त्यातली एक छापण्यासारखी नव्हती. मग हुड्याचा प्रसंग काढला. 'विरूपनगौडा वळला नाही' या ओळीतला शेवटचा शब्द खोडला आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

"'नीलव्वाची हाक फौजेच्या डोक्यावरून गेली. विरूपनगौडा वळला.'"

अत्तेव्वांचा शेंगा फोडणारा हात थांबला.

"हसला, ते लिही," त्या म्हणाल्या. "हसले होते ते. तेवढं राहू देऊ नकोस."